स्वतंत्र ॲनिमे वितरण कंपनी वाढते कशी, आणि मुंबईत तशी का उभी राहत नाही?

तिसरी_घंटा

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) आणि इतर ॲनिमेशनपट वितरित करणाऱ्या न्यूयॉर्कच्या जीकिड्स या कंपनीचा प्रवास नीट पाहिला तर आपल्याकडच्या वितरकांना त्यातून बरंच घेण्यासारखं आहे. एरिक बेकमन यांनी २००८ साली ती सुरू केली. त्याआधी १९९७ पासून ते आणि एमिली शपिरो न्यूयॉर्कमध्ये मुलांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवत होते. म्हणजे प्रेक्षक आधी जमला, कंपनी नंतर आली. २०१० च्या ऑस्करला ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ या आयरिश चित्रपटाला नामांकन मिळालं आणि मोठ्या स्टुडिओंच्या रांगेत हे नाव पहिल्यांदा दिसलं. २०११ मध्ये जपानच्या स्टुडिओ जिब्लीच्या जुन्या चित्रपटांचे उत्तर अमेरिकेतले थिएटर हक्क त्यांच्याकडे आले, २०१७ मध्ये होम व्हिडिओचे हक्कही आले. २०२४ च्या मार्चमध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’ला ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोहो या जपानी कंपनीने अख्खी जीकिड्स विकत घेतली.

माझं मत असं की ही कंपनी एखाद्या हिट चित्रपटावर वाढली नाही, साठ्यावर वाढली. दरवर्षी पुन्हा लावता येतील असे चित्रपट दीर्घ मुदतीने हातात ठेवायचे, ठरलेल्या तारखांना मोजके खेळ करायचे, आणि त्यातून आलेल्या पैशावर नवा, अनोळखी चित्रपट घ्यायचा. आपल्याकडे एकेक चित्रपट, तोही फक्त थिएटरपुरता घेतला जातो. तीन आठवड्यांनी वितरकाच्या हातात काही उरत नाही.

मुंबईत प्रेक्षक आहे, थिएटरं आहेत, डबिंग स्टुडिओ आहेत. मग अडतं कुठे? या व्यवहारातली माहिती असणाऱ्यांनी तपशिलात लिहावं.

हिशेबनीस

अडतं पहिल्याच चेकवर. आकड्यांत मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, पण प्रमाण असंच असतं.

समजा जपानी परवानादाराने (हक्क देणाऱ्या कंपनीने) भारतासाठी २० लाख रुपये एमजी, म्हणजे आधीच द्यायची किमान हमी रक्कम, मागितली. करारात बहुतेक वेळा ‘सर्व कर वगळून’ असं कलम असतं. भारत-जपान करसंधीप्रमाणे (दोन देशांतल्या कराविषयीच्या कराराप्रमाणे) रॉयल्टीवर १० टक्के कर इथे कापायचा असतो. त्यांना निव्वळ २० लाख पोचवायचे तर मूळ रक्कम २२.२२ लाख धरावी लागते, म्हणजे २.२२ लाखांचा कर वितरकाच्या खिशातून जातो. त्याच रकमेवर आयात सेवा म्हणून १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा. तो झाला ४ लाख. पुढे थिएटरकडून येणाऱ्या हिश्श्यावरच्या जीएसटीतून तो वळता होतो, पण तोवर रोख अडकून राहते. म्हणजे २० लाखांच्या चित्रपटासाठी पहिल्याच दिवशी २६.२२ लाख लागतात. पोस्टर छापायला अजून सुरुवात नाही.

करसंधीतला १० टक्क्यांचा दर मिळवायला जपानी कंपनीचं चालू वर्षाचं कर-निवासी प्रमाणपत्र आणि ठरलेल्या नमुन्यातलं घोषणापत्र लागतं. ही कागदपत्रं करारावर सही करतानाच मागून घ्यावीत. पैसे पाठवायच्या दिवशी मागितली तर जपानच्या करखात्याकडून प्रमाणपत्र यायला वेळ जातो, एमजीची तारीख उलटते आणि मास्टर (चित्रपटाची मूळ प्रत) अडकून पडतं.

गच्चीवरून

वाचतोय. हिशेबनीस, एमजी वसूल झाल्यावर पुढे काय होतं तेही लिहा.

हिशेबनीस

थिएटरकडून आलेल्या हिश्श्यातून आधी वितरकाचं कमिशन, मग प्रिंट-पब्लिसिटीचा खर्च, मग एमजी वसूल होते. त्यावर उरेल तो ओव्हरफ्लो, आणि तो ठरलेल्या प्रमाणात परवानादाराबरोबर वाटला जातो. हा क्रम करारात स्पष्ट लिहून घ्यावा. ‘एमजी आधी, खर्च नंतर’ असा उलटा क्रम असला तर चित्रपट चांगला चालूनही जाहिरातीचा खर्च अंगावर राहतो.

धागाकर्त्यांचा साठ्याचा मुद्दा इथे खरा ठरतो. सहा चित्रपट एकाच करारात असतील तर एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून भरून काढायची मुभा मागता येते. एकेक घेतला की प्रत्येकाचा हिशेब वेगळा: हिटचा नफा वाटून द्यायचा, पडलेल्याचा तोटा एकट्याने सोसायचा.

नाझ_बिल्डिंग

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत. साठा हवा हे ठीक, पण साठा द्यायला कोणी तयार पाहिजे ना! २०११ मध्ये जीकिड्सला जिब्ली मिळालं तेव्हा अमेरिकेत त्या जुन्या चित्रपटांच्या थिएटर हक्कांसाठी फारशी ओढाताण नव्हती. आज परिस्थिती तशी नाही. सोनीने २०२१ मध्ये क्रंचीरोल ही ॲनिमे स्ट्रीमिंग कंपनी ११७.५ कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर शोनेनमधली (किशोरवयीन मुलांसाठीच्या साहसकथांमधली) मोठी नावं बहुतेक तिकडूनच येतात आणि भारतातही सोनीच्याच यंत्रणेतून लागतात. ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ ला जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत एकदम लागला. तिथे मुंबईतल्या छोट्या वितरकाला दारातही उभं राहता येत नाही. जिब्लीचे चित्रपट २०२० पासून भारतात नेटफ्लिक्सवर आहेत.

शिवाय ‘जपानकडून हक्क घ्यायचे’ म्हणजे नेमकं कोणाकडून, हेही बघा. बहुतेक ॲनिमे एकट्या स्टुडिओच्या मालकीचे नसतात. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, खेळण्यांची कंपनी, संगीत कंपनी, जाहिरात संस्था अशांची निर्मिती समिती असते आणि परदेशी विक्रीचा अधिकार त्यातल्या एका सभासदाकडे असतो. अनेकदा दक्षिण आशियाचे हक्क आधीच तैवान किंवा सिंगापूरच्या मध्यस्थाकडे गेलेले असतात. मग आपला वितरक त्यांच्याकडून उपपरवाना घेतो, एक कमिशन वाढतं आणि मंजुरीचा एक टप्पाही वाढतो.

पोस्टरवर नुसता मराठी मजकूर टाकायचा तरी तो मुंबईहून सिंगापूर, तिथून टोकियो, समितीतल्या तीन-चार सभासदांकडे फिरून परत येतो. पात्राच्या डोक्यावर अक्षरं आली, हात कापला गेला, कॉपीराइटची ओळ लहान पडली, अशा कारणांनी परत पाठवतात. एका फेरीला दोन आठवडे धरले आणि तीन फेऱ्या झाल्या की दीड महिना गेला. प्रदर्शनाची तारीख ठरवताना हा वेळ कोणी मोजत नाही. मग शेवटच्या आठवड्यात फक्त इंग्रजी पोस्टर लागतं.

तिसरी_घंटा

नाझ_बिल्डिंग, शोनेनच्या बड्या नावांमागे धावावं असं मी म्हणतच नाही. जीकिड्सची नामांकनं बघा. सीक्रेट ऑफ केल्सपासून हेरॉनपर्यंत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाची तेरा, आणि तेराव्याला पुरस्कार. आयर्लंड, फ्रान्स, स्पेन, ब्राझील, स्वित्झर्लंड, जपान. २०१२ मध्ये एकाच वर्षी दोन: ‘अ कॅट इन पॅरिस’ आणि ‘चिको अँड रीटा’. त्या काळात या चित्रपटांसाठी रांग नव्हती, म्हणून ते परवडले. आजही युरोप, कोरिया, लॅटिन अमेरिकेतून दरवर्षी चांगले ॲनिमेशनपट येतात आणि त्यांच्या भारतीय हक्कांसाठी झुंबड नसते.

केबिनवाला

आता प्रोजेक्शनच्या बाजूने. थिएटरमध्ये चित्रपट दाखवायला वितरकाला दर पडद्यामागे व्हीपीएफ (डिजिटल प्रोजेक्शनची फी) भरावी लागते, ती क्यूब, यूएफओ यांसारख्या डिजिटल सेवा कंपन्यांकडे जाते. छोट्या चित्रपटाचं गणित इथे फसतं. समजा तिकीट २९५ रुपये. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की २५० उरले. पहिल्या आठवड्यात अर्धा हिस्सा धरला तर वितरकाला माणशी १२५. दोनशे खुर्च्यांच्या ऑडीत (मल्टिप्लेक्समधल्या एका सभागृहात) ३० टक्के भरणा म्हणजे ६० माणसं, त्यातून ७,५०० रुपये. आता व्हीपीएफ समजा दर पडद्याला १०,००० असेल आणि त्या पडद्यावर आठवड्यात एकच खेळ मिळाला, तर गर्दी बरी असूनही वितरक २,५०० रुपये तोट्यात.

म्हणून चार मल्टिप्लेक्समध्ये एकेक खेळ घेण्यापेक्षा एकाच ठिकाणी, एकाच पडद्यावर चार खेळ घ्यावेत. प्रोग्रामिंगवाल्याला ‘किती सेंटर?’ विचारण्याऐवजी ‘एका पडद्यावर किती खेळ?’ विचारा. जाहिरातीत ‘४० शहरांत’ असं छापलं की मालक खूश होतो, पण त्या चाळिसांतल्या अर्ध्या जागी पैसे घालून चित्रपट दाखवलेला असतो.

दुसरी भानगड केडीएमची, म्हणजे डिजिटल किल्लीची. डीसीपी (थिएटरला जाणारी चित्रपटाची डिजिटल प्रत) कुलूपबंद असतो आणि किल्ली विशिष्ट सर्व्हरसाठी, विशिष्ट वेळेपुरती बनते. ऑडी ३ साठी केडीएम दिला आणि सकाळी मॅनेजरने मोठ्या हिंदी चित्रपटासाठी खेळ ऑडी ५ मध्ये हलवला, तर तिथे तो चालत नाही. प्रेक्षक आत, पडदा काळा. उपाय सोपा आहे: त्या थिएटरच्या सगळ्या ऑडींचे केडीएम आधीच काढून ठेवायचे आणि मुदत पहिल्या खेळाच्या आदल्या दिवसापासून सुरू करायची, म्हणजे रात्री चाचणी घेता येते. मुदत मध्यरात्री संपणारी ठेवली आणि रात्रीचा शेवटचा खेळ लांबून त्यानंतर सुरू करायची वेळ आली तर अडकाल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची घ्या.

पार्लेकर

उत्तम माहिती. डीसीपी जपानहून तयार येतो ना? मग इथे काय करायचं उरतं?

केबिनवाला

तयार येतो, पण जपानी आवाजाचा आणि बहुधा उपशीर्षकांशिवाय. आपण त्यावर व्हर्जन फाइल बनवतो. म्हणजे मूळ चित्राच्या फाइल तशाच ठेवून फक्त उपशीर्षकं किंवा नवा आवाज जोडणारा छोटा डीसीपी. फायदा मोठा आहे. दोन तासांचा चित्रपट २५० मेगाबिटच्या कमाल दराने सव्वादोनशे जीबीपर्यंत जातो, तो एकदाच पाठवायचा. पुढे हिंदी, तमिळ, मराठी आवाज काही जीबींत जातात. मात्र सर्व्हरवर मूळ आणि व्हर्जन दोन्ही चढवावे लागतात आणि व्हर्जनसाठी वेगळा केडीएम लागतो. एखादा ऑपरेटर फक्त व्हर्जन चढवतो, प्लेलिस्टमध्ये नाव दिसतं आणि दाबल्यावर चालत नाही. पत्रात ठळक अक्षरांत लिहून द्यावं.

फ्रेमच्या वेगाकडेही लक्ष हवं. ॲनिमेचं टीव्ही किंवा ब्लू-रेसाठीचं मास्टर सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं असतं, थिएटरचा डीसीपी २४ चा. भाषांतरासाठी आलेल्या तपासणी प्रतीवर उपशीर्षकांच्या वेळा लावल्या आणि त्या तशाच डीसीपीवर टाकल्या, तर दोन तासांच्या शेवटी ७.२ सेकंदांचा फरक पडतो. पहिली दहा मिनिटं सगळं बरोबर दिसतं, म्हणून चाचणीत कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणी नेहमी शेवटच्या रिळावर घ्यावी.

शाईची_दौत

उपशीर्षकांचा विषय निघालाच आहे तर देवनागरीचा वेगळा प्रश्न आहे तो सांगते. इंग्रजी उपशीर्षकं डीसीपीमध्ये मजकूर आणि फाँट अशी वेगळी ठेवतात, प्रोजेक्टर ती चालू खेळात उमटवतो. देवनागरीला हे चालत नाही. बऱ्याच सर्व्हर-प्रोजेक्टरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ‘स्वप्न’ हा शब्द पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत दिसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते, रफार भलत्याच ठिकाणी जातो. संगणकावर सगळं सुरेख दिसतं, थिएटरात कचरा. म्हणून प्रत्येक ओळीचं पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करून द्यायचं, किंवा उपशीर्षकं चित्रातच कायमची छापायची. छापली की व्हर्जन फाइलचा फायदा गेला, पूर्ण नवा डीसीपी बनवावा लागतो, आणि पुष्कळ जपानी परवानादार चित्रावर कायमचं काही छापू देत नाहीत. पीएनजी हाच मार्ग.

दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. अक्षर पांढरं आणि भोवती काळी कड हवीच. ॲनिमेत बर्फ, ढग, उजळ आकाश भरपूर असतं आणि नुसतं पांढरं अक्षर त्यात विरघळतं. पडद्यावरच्या जपानी पाट्या, पत्रं, मोबाइलचे संदेश यांचा मराठी मजकूर वरच्या बाजूला द्यावा, खालचा भाग संवादासाठी राखावा. आणि गाण्यांचं भाषांतर करायची परवानगी वेगळी मागावी लागते, संगीत कंपनी निराळी असते.

वडाळा_नाका

मराठी उपशीर्षकं कोण वाचणार पण? ॲनिमे बघणारी पोरं इंग्रजी उपशीर्षकं आरामात वाचतात. मराठीवर खर्च करायचा तर डब करा, तेही लहान मुलांच्या चित्रपटाचा.

शाईची_दौत

वडाळा_नाका, कॉलेजच्या मुलांपुरतं ते बरोबर. पण कौटुंबिक ॲनिमेशनपटाला मुलाबरोबर आजी-आजोबाही येतात. सहा वर्षांच्या मुलाला उपशीर्षकं झेपत नाहीत, तिथे डबच हवा हे मान्य. आठ-नऊ वर्षांपुढच्या मराठी शाळेतल्या मुलाला मात्र मराठी उपशीर्षक इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळचं. खर्चातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. उपशीर्षकाला एक भाषांतरकार, एक संपादक आणि टायमिंग करणारा माणूस पुरतो. डबला वीसेक आवाज, दिग्दर्शक, स्टुडिओ, मिक्सिंग.

माईकसमोर

डबचं सांगतो. ओशिवरा-वर्सोवा पट्ट्यात सोयी भरपूर आहेत, आवाजही गुणी आहेत. अडचण येते एमअँडई ट्रॅकची, म्हणजे संवाद वगळून संगीत आणि इतर आवाजांची. करार करताना ‘पूर्ण भरलेला ५.१ एमअँडई’ असं लिहून घ्या. नाहीतर धापा, हुंदके, गर्दीचा गलका, मारामारीतले हुंकार संवादाच्या ट्रॅकबरोबर निघून जातात आणि ते सगळे पुन्हा रेकॉर्ड करावे लागतात. ॲक्शन ॲनिमेत संवादाइतकाच वेळ या आवाजांना जातो. हाती आल्या आल्या ट्रॅक अख्खा ऐकावा. कुठे अचानक शांतता आली की तिथल्या टाइमकोडची यादी करून परवानादाराला कळवावं.

ओठांची हालचाल मात्र ॲनिमेत सोपी. तोंड मिटलेलं, अर्धं, उघडं अशा मोजक्या आकारांवर काम चालतं आणि जपानमध्येही आवाज बहुधा नंतरच भरतात. म्हणून प-ब-म जुळवायची कसरत फारशी नाही, वाक्याची लांबी आणि थांबे सांभाळले की झालं. मराठीचा एक फायदाही आहे: जपानीसारखंच आपलं क्रियापद शेवटी येतं. पात्र वाक्याच्या टोकाला ओरडतं तिथे मराठीतही जोर शेवटीच पडतो. इंग्रजी डबवरून मराठी केलं तर हा ठेका मोडतो, त्यामुळे भाषांतर जपानी संवादयादीवरून करावं आणि इंग्रजी फक्त पडताळायला वापरावं.

नाझ_बिल्डिंग

सगळं छान, पण मराठी आवृत्ती लावायची कुठे? धंद्याचा नकाशा आणि महाराष्ट्राचा नकाशा एक नाही. बॉम्बे सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे चित्रपट वितरणाचा विभाग) मुंबई, ठाणे, पुणे यांच्याबरोबर गुजरात आणि गोवा येतात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा परंपरेने निजाम सर्किटमध्ये. एका भाषेसाठी तीन सर्किटांच्या लोकांशी बोलावं लागतं. मल्टिप्लेक्स साखळ्यांमुळे आता मुंबईतूनच बरंच ठरतं, २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाल्यावर तर फारच. पण नांदेड-परभणीच्या एकपडदा थिएटरसाठी जुनीच साखळी आहे.

पार्लेकर

आणि सेन्सॉर?

फाइल_क्रमांक

अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. आयात चित्रपटाला हक्कांचा करार, सीमाशुल्काची कागदपत्रं, पूर्ण संवादांचं भाषांतर लागतं. डब केलेल्या प्रत्येक भाषेचा वेगळा अर्ज, वेगळं प्रमाणपत्र. मूळ आधी मंजूर झाला की डबचं काम सोपं होतं, म्हणून जपानी आवृत्ती सगळ्यात आधी पाठवावी. डब पूर्ण व्हायची वाट बघत सगळं एकत्र पाठवलं तर तारीख हुकते.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+, १६+ असे गट झाले आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली. साठा बाळगणाऱ्या वितरकासाठी ही मोठीच सोय आहे, जुना चित्रपट पुन्हा लावताना मुदतीची चिंता नाही. यूए गटाला थिएटर मूल अडवत नाही, निर्णय पालकांचा. पण ए मिळालं की पंधरा-सतरा वयाचा प्रेक्षक दारावरच परत जातो, आणि ॲनिमेचा मोठा प्रेक्षक त्याच वयाचा. तपासणी समितीचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे त्यापुढे थेट उच्च न्यायालय. छोट्या वितरकाला ते परवडत नाही, म्हणून प्रदर्शनाआधी निदान दोन महिने हातात ठेवून अर्ज करावा.

गच्चीवरून

पात्र सिगारेट ओढत असेल तर खाली इशारा टाकावा लागतो ना? जपानी ते मान्य करतात?

फाइल_क्रमांक

टाकावाच लागतो. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी आरोग्यपट, आणि धूम्रपानाच्या दृश्यात खाली स्थिर ओळ. परदेशी चित्रपटालाही सूट नाही. २०१३ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी याच कारणावरून ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लावू दिला नव्हता. जिब्लीची काटछाट-नको ही भूमिका तर प्रसिद्धच आहे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या अमेरिकन प्रदर्शनाच्या वेळी निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकन वितरकाला तलवार भेट देऊन ‘नो कट्स’ असं बजावलं होतं. म्हणून करारातच वाक्य हवं: भारतीय कायद्याने सक्तीचा इशारा, आरोग्यपट आणि मध्यंतर यांना चित्रपटातला बदल मानलं जाणार नाही. मध्यंतराची जागाही परवानादाराकडून आधी लेखी घ्यावी, नाहीतर ऑपरेटर वाटेल तिथे, संवादाच्या मध्येच तोडतो.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो

थोडं विषयांतर. जपान-मुंबई सहकार्याची गोष्ट निघाली की जपानी चित्रपटकार युगो साको यांचा ‘रामायण’ हा ॲनिमेशनपट आठवायलाच हवा. त्याच्या दिग्दर्शनात आपले राम मोहन होते, ज्यांनी १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात काम सुरू केलं. नव्वदच्या दशकात तो चित्रपट इथल्या थिएटरांत नीट पोचलाच नाही. २४ जानेवारी २०२५ ला फोर-के रूपात हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजीत लागला. जुना माल म्हणजे मेलेला माल नव्हे, याचा आपल्याच मातीतला दाखला!

तिसरी_घंटा

विषयांतर नाही, हाच तर मूळ मुद्दा. जीकिड्सने मार्च २०२५ मध्ये मोनोनोके फोर-के करून आयमॅक्सवर लावला. चित्रपट १९९७ चा. २०१७ पासून ते फॅदम या वितरण कंपनीबरोबर बहुतेक दरवर्षी जिब्ली फेस्ट करतात: वर्षभराच्या तारखा आधी जाहीर, महिन्याला साधारण एक चित्रपट, मोजकेच दिवस, काही खेळ मूळ जपानीत आणि काही इंग्रजीत. प्रेक्षक कॅलेंडर बघून येतो. नव्या चित्रपटाइतका जाहिरातीचा खर्च लागत नाही.

वडाळा_नाका

पण हे चित्रपट घरी बघता येत असताना लोक थिएटरला जातात हे अमेरिकेत झालं. इथे दिरंगाईनेच मारलंय. हेरॉन जपानमध्ये जुलै २०२३, अमेरिकेत डिसेंबर २०२३, भारतात मे २०२४. तोवर ज्याला बघायचा त्याने बघितलेला असतो. याउलट इन्फिनिटी कॅसल अमेरिकेच्या दिवशीच इथे लागला आणि लोक पहाटेच्या खेळाला गेले. पहिली कर्जत पकडून पिक्चरला जाणारी पोरं मुंबईने तेव्हा पाहिली 😄

शाईची_दौत

दिरंगाईचा मुद्दा नव्या चित्रपटाला लागू. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’साठी चाहत्यांनी ऑनलाइन याचिका केली आणि ११ ऑक्टोबरला तो इथे लागला, तेव्हाही जपानच्या मागे तीनच महिने होतो. तेवढ्या अंतरात चालतं. त्यापुढे जपानमध्ये ब्लू-रे येते, आणि ती आली की चोरीच्या चांगल्या प्रती फिरू लागतात. करारात ‘जपानी ब्लू-रेच्या आधी भारतात प्रदर्शन’ एवढी अट तरी मागावीच.

पार्लेकर

तोहोने घेतल्यावर जीकिड्सला स्वतंत्र म्हणायचं का? मला तरी तो प्रवास तिथे संपलेला दिसतो.

नाझ_बिल्डिंग

मला उलट वाटतं. परवान्यावर उभ्या कंपनीची खरी भीती एकच: मुदत संपली की परवानादार माल काढून स्वतः विकायला लागतो. तोहोने स्वतःचं अमेरिकन दुकान नव्याने उभारण्याऐवजी तयार माणसं आणि तयार विश्वास विकत घेतला. खरेदीच्या वेळी व्यवस्थापन तेच ठेवलं, कार्यालयही न्यूयॉर्कलाच. सोळा वर्षांत उभ्या केलेल्या कामाची किंमत मालवाल्यानेच मोजली, याला मी संपणं म्हणणार नाही.

तिसरी_घंटा

पण त्यानंतर दुसऱ्या जपानी स्टुडिओंना तोहोच्या कंपनीकडे आपला चित्रपट द्यावासा वाटेल का, हा प्रश्न राहतोच. मला स्वतंत्रपणा गेल्याचं वाईट वाटतं, मग हिशेब कितीही पटला तरी.

दादर_प्लाझासमोर

सगळे एकदम चाळीस पडद्यांवर उडी का मारताय? जीकिड्सच्या मागे महोत्सव होता हे धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय. आपल्याकडे फिल्म सोसायटीचा रस्ता आहे. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनशी संलग्न सोसायटी सभासदांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्राशिवायही चित्रपट दाखवू शकते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतंय. महोत्सवाला मंत्रालयाकडून सूट मिळते. परवानादाराकडून एका खेळाची ठरावीक फी देऊन परवानगी घ्यायची, एमजी नाही, व्हीपीएफ नाही. मुलांच्या ॲनिमेशनपटाचा शनिवार सकाळचा खेळ, वर्षभर, त्याच सभागृहात, त्याच वेळी. सभासदांचे ईमेल आणि मुलांची वयं नोंदवून ठेवायची. ही यादी हीच पुढच्या कंपनीची पहिली पुंजी.

हिशेबनीस

दादर_प्लाझासमोर यांच्याशी पूर्ण सहमत. का, ते आकड्यांतच सांगतो. वरचाच २० लाखांचा चित्रपट घ्या. कर धरून २२.२२ लाख, चाळीस पडद्यांची व्हीपीएफ ४ लाख, सेन्सॉर-डीसीपी-उपशीर्षकं ३ लाख, जाहिरात ८ लाख. एकूण ३७.२२ लाख. माणशी १२५ रुपये हिश्श्याने जवळपास २९,८०० तिकिटं विकली तर बरोबरी, म्हणजे दर पडद्याला ७४५. दोनशे खुर्च्यांवर चारच खेळ मिळाले तर ९३ टक्के भरणा लागेल, ते होत नाही. बारा खेळ मिळाले तर ३१ टक्के, ते होऊ शकतं. आणि हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं. २००९ च्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी ठरलेला हिस्सा ५०, ४२.५, ३७.५, ३० टक्के असा उतरत जातो. परदेशी चित्रपटाच्या अटी वेगळ्या बोलून ठरतात, पण उताराची दिशा तीच. सोसायटीच्या खेळांतून आधीच हजार-बाराशे कुटुंबांची यादी हातात असेल तर मुंबई-ठाणे-पुण्याचे आठ-दहा पडदे घ्यावेत आणि एमजीही त्या मानानेच बोलावी. चाळीस नकोतच.

तिसरी_घंटा

हे पटलं. मग शेवटचा प्रश्न: समजा अशी सुरुवात झाली, पाच वर्षांसाठी चार-सहा युरोपीय चित्रपट मिळाले, मराठी डब केला. मुदत संपल्यावर त्या डबचं काय?

माईकसमोर

साध्या करारात डब आपोआप परवानादाराच्या मालकीचा होतो. खर्च तुमचा, ट्रॅक त्यांचा. पुढच्या वर्षी तो एखाद्या ओटीटीला दिला गेला तर तुम्हाला काही मिळत नाही. दोन गोष्टी मागाव्यात. एक, मुदतीनंतर डब वापरणाऱ्याने निर्मितीखर्चाचा ठरावीक भाग तुम्हाला द्यावा. दोन, नूतनीकरणाचा पहिला हक्क तुमचा, आणि उत्तराची मुदत निदान ३० दिवस. आवाज कलाकारांबरोबरच्या करारातही थिएटर, टीव्ही, ओटीटी सगळी माध्यमं आधीच लिहून घ्या, नाहीतर तुमचाच ट्रॅक तुम्हालाच विकता येणार नाही.

हिशेबनीस

त्यात एक भर. मुदत प्रदर्शनाच्या तारखेपासून मोजली जावी, सहीच्या तारखेपासून नको. मंजुऱ्या, सेन्सॉर, डब यांत पहिलं वर्ष सहज जातं, आणि मग पाच वर्षांच्या साठ्यातली चारच हातात राहतात.